दरबार कलम आणि बाजार कलम

काशीत दशाश्वमेधाकडून अस्सीच्या दिशेने काठाकाठाने चालू लागले म्हणजे चौसट्टी, पांडे वगैरे घाट मागे टाकल्यावर राजा घाट लागतो. हा राजा कोण, असे नावाड्यास विचारावे तर नीटसे उत्तर मिळत नाही; आणि त्याचा त्यास दोषही देता येत नाही, कारण या नगरीतील निम्मेअधिक घाट कोणत्या ना कोणत्या राजाने किंवा राणीनेच बांधलेले. या घाटाचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांनी बाजीरावांच्या जन्मापूर्वी दत्तक घेतलेले हे अमृतराव पेशवे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी बाजीरावांचा व शिंद्यांचा मोड केला, बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांच्या नावाने चालला. पुढल्याच वर्षी इंग्रज फौजेबरोबर बाजीराव परत आले. अमृतरावांनी जनरल वेलस्लीशी करार करून सालिना नेमणूक पत्करली आणि काशीवास केला. १८२४ साली ते वारले. या घाटाचे दगडी बांधकाम, शिवालये आणि अन्नछत्र यांच्यामुळे काशीकरांच्या तोंडी त्यांचे नाव पुष्कळ काळ राहिले.

१८१८ नंतर या गंगाकाठी मराठी राजपुत्रांची एक वसाहतच झाली. बाजीरावांना ब्रह्मावर्तास ठेवले, त्यांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा काशीस आले, आणि त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी येथेच मनकर्णिका जन्मली. या सर्व मंडळींजवळ दोन गोष्टी भरपूर होत्या. एक नेमणुकीचा पैसा आणि दुसरी रिकामा वेळ. राज्य गेले होते. सकाळची पूजा, दुपारचे भोजन आणि संध्याकाळचे पुराण यांच्या मधले तास मात्र गेले नव्हते. अशा तासांवर आपल्या देशात काही अतिशय सुंदर खेळ वाढले. ते आज कोठे आहेत, याचा विचार करताना आम्हांस एका अगदी ताज्या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

तो ताजा प्रश्न असा. आज राजा घाटाच्या पायऱ्यांवर एक फेरी संपून दुसरे गिऱ्हाईक येईपर्यंत नावाडी बसलेला दिसतो, तो बहुधा मोबाइलवर खेळत असतो. जोडीदार असला तर दोघांत एकच मोबाइल. एकाने फासा टाकायचा आणि यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचे. खेळ बहुतेक लुडोचा. ही काही काशीचीच गोष्ट नव्हे. आपणांपैकी जे दिल्लीस, कलकत्त्यास किंवा दक्षिणेत नोकरीनिमित्त राहतात त्यांनी आपल्या कचेरीच्या मधल्या सुट्टीत हेच पाहिले असेल; मुंबईच्या लोकलमध्ये तर ब्रीफकेस मांडीवर ठेवून पत्ते कुटणाऱ्या मंडळींच्या शेजारीच आता ही दुसरी मंडळी बसलेली असतात. मोबाइलवर अप्रतिम चित्रांचे, कथेचे, संगीताचे, वर्षानुवर्षे खपून रचलेले खेळ मिळत असताना कोट्यवधी लोक हे हलकेफुलके, फुकट किंवा अगदी स्वस्त खेळच का घेतात?

या प्रश्नाची दोन्ही टोके महाराष्ट्रातच आहेत, आणि दोन्ही एकाच वर्षी जगापुढे आली. नव्या मुंबईतील गेमेशन या संस्थेने २०१६ साली 'लुडो किंग' नावाचा खेळ काढला. त्यात नवे असे काहीच नव्हते. चार रंग, चार सोंगट्या, एक फासा. तो फुकट होता, लहानशा मोबाइलवर चाले, इंटरनेट नसले तरी चाले, आणि जाहिरातींवर त्याचा चरितार्थ होता. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर तो खेळला गेला आणि पुढच्या वर्षाच्या आत त्याच्या डाउनलोडांची संख्या ५० कोटींच्या घरात पोचल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच २०२० च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाच्या शोधात असुरांशी लढते. गडकोट, मंदिरे, पहाडी शैलीची चित्रे आणि पुराणकथा यांनी तो सजलेला आहे. २०१७ साली लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. संस्थापकांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीत त्याचे नाव गेले. किंमत सुमारे २५ डॉलर, आणि तो खेळण्यास प्रथम एक महागडे स्वतंत्र यंत्र किंवा चांगला संगणक हवा. या दोन खेळांच्या खपाची तुलना करणेच व्यर्थ आहे.

जाणती मंडळी यावर एक ठरावीक उत्तर देतात. म्हणतात, लोकांची अभिरुची घसरली. हे उत्तर आम्हांस कधीच पटले नाही. त्यात एक सोय मात्र आहे: ते देणाऱ्याची अभिरुची आपोआप चांगली ठरते. पण इतिहासाकडे पाहिले तर नावाड्याने जे केले तेच शास्त्रीपंडितांनी आणि सरदारांनीही केलेले दिसते.

बुद्धिबळापासून आरंभ करू, कारण त्याचा काशीशी आणि काशीतील मराठी माणसांशी जुना संबंध आहे. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात भगवंतदेव नावाच्या सेंगर राजाच्या आश्रयाने 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यातला व्यवहारमयूख आपल्या वकीलमंडळींस ठाऊक असतो, कारण हिंदू वारसाहक्काच्या बाबतीत मुंबईच्या न्यायालयाने तो पुढे प्रमाण मानला. नीतिमयूखाची तितकी ख्याती नाही. राजनीतीचे विवेचन करता करता नीलकंठ भट्ट त्यात बुद्धिबळाकडे वळतात आणि पट कसा मांडावा, मोहऱ्यांनी कसे चालावे, हे संस्कृतात सांगतात. धर्मशास्त्रावरील ग्रंथात खेळास जागा मिळाली, याचे कारण तो राजाचा खेळ होता, आणि ग्रंथही राजासाठी होता.

पुढे सुमारे दीडशे वर्षांनी अमृतरावांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांच्या दरबारात त्रिवेंगडाचार्य नावाचे शास्त्री होते. त्यांनी 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मुख्यतः निकराला आलेले डाव मांडून ते कसे सोडवावेत हे दाखविले आहे. बाजीरावांच्या नावावर इतिहासाने जे पुष्कळ जमा केले आहे त्यात ही एक बरी नोंद धरावी. १८१४ साली मुंबईत त्याचे इंग्रजी भाषांतर छापून निघाले, आणि त्या भाषांतराच्या नावातच म्हटले आहे की हे डाव युरोपीय पद्धतीस जुळवून घेतले आहेत. पेशवाई अजून चार वर्षे उरली होती, पण बुद्धिबळाने आधीच नव्या गिऱ्हाइकाचा अंदाज घेतला होता. देशी पद्धतीत प्यादे पहिल्यापासून एकच घर चाले. युरोपीय पद्धतीत ते पहिल्या खेळीत दोन घरे चालते, त्यामुळे डाव लवकर अंगावर येतो. दोन्हींत अधिक सखोल पद्धत कोणती यावर आमच्या लहानपणीही वृद्ध मंडळी वाद घालीत. विजय लवकर रंगणाऱ्या पद्धतीचा झाला.

बुद्धिबळ निदान जिवंत तरी राहिले. गंजिफांचे तसे झाले नाही, आणि आमच्या मते सर्व प्रश्नाचा गाभा गंजिफांतच आहे.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अबुल फजलने अकबराच्या बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे १४४ पानांच्या जोडाचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झालेल्या मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पाने असत. हिंदू दरबारांत या खेळाने दशावतार घेतले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, एकूण १२०. सावंतवाडीचा दशावतारी जोड यात विशेष प्रसिद्ध. आता खेळाची गुंतागुंत पाहा. निम्म्या रंगांत दहाचे पान राजा-प्रधानांखालोखाल वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, म्हणजे एक्का वरचढ आणि दहा सर्वांत हलके. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगाने डाव उघडायचा, रात्री कृष्णाच्या. कोणते पान पडले आणि कोणते उरले याची मनात नोंद ठेवावी लागे, आणि ती ५२ पानांची नव्हे, १२० पानांची. दोन प्रहर निवांत मिळाल्याखेरीज हा खेळ मांडण्यात अर्थ नसे, आणि खेळणारा तयार होण्यास काही वर्षे लागत.

गंजिफांच्या कारागिरीत दोन प्रकार होते, आणि त्यांची नावेच या लेखास आम्ही दिली आहेत. दरबार कलम म्हणजे राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंतावर, कासवाच्या पाठीवर किंवा उत्तम कागदावर सूक्ष्म कुंचल्याने रंगविलेला जोड. बाजार कलम म्हणजे तोच खेळ, तेच दहा अवतार, परंतु चिकटवलेल्या चिंध्यांच्या किंवा कागदाच्या चकत्यांवर चार ठळक फराट्यांत उरकलेला. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याच्या खळीने कापड ताठ करीत, त्यावर खडूचा हात देत आणि चित्र काढून झाल्यावर लाखेचे रोगण चढवीत. बाजार कलमेतील मत्स्यावतार मत्स्य आहे हे ओळखू आले म्हणजे काम भागे.

या व्यवस्थेत बाजार कलमेने दरबार कलमेस मारले नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दोन्ही शतकानुशतके शेजारी नांदल्या. सरदाराच्या दिवाणखान्यात एक, पेठेतल्या ओट्यावर दुसरी. ज्याला खेळाची गोडी ओट्यावर लागली तो पुढेमागे ऐपत आली की बरा जोड मागवी. स्वस्त माल हा चांगल्या मालाची शाळा होता. नियम एकच असल्यामुळे हे शक्य होते.

दोघींसही मारले ते तिसऱ्याने. १८३१ साली लंडनच्या टॉमस डी ला रू याने पत्ते रंगीत छापण्याच्या आपल्या पद्धतीचा सनदी हक्क मिळविला, आणि त्या शतकात इंग्लंड व बेल्जम येथील छापखान्यांतून पत्त्यांचे कॅट जहाजे भरभरून हिंदुस्थानात येऊ लागले. बावन्न पाने, चार रंग, चौकोनी आकार, मुठीत मावणारे, एकसारखी पाठ. चितारी कितीही स्वस्त रंगवो, यंत्राशी त्याचा मेळ कोठून बसणार? परंतु केवळ किंमत कमी झाली म्हणून गंजिफा गेल्या असे म्हटल्यास निम्मेच सत्य सांगितले असे होईल. छापील पत्त्यांबरोबर छापील गंजिफाही निघू शकल्या असत्या. बावन्न पानांनी जिंकले ते आणखी एका कारणाने. त्यांत कोणताही खेळ मांडता येई. गुलामचोर मुलांना, बदाम सात बायकापोरांना मिळून, पाच-तीन-दोन तिघे असले तर, मेंढीकोट चौघे असले तर, झब्बू कितीही असले तरी, आणि रमी ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांना. पाव तास मिळाला तरी एक डाव होतो. पानेही थोडी लक्षात ठेवावी लागतात. पंक्ती उठून पुढची पंक्ती बसेपर्यंत लग्नघराच्या माडीवर जे चालते ते गंजिफांनी चालले नसते.

म्हणजे खेळाची किंमत ही पैशांत मोजली की चुकते. खेळ शिकण्याचा काळ, खेळण्यास लागणारी सलग फुरसत, जमवावे लागणारे सोबती आणि बसण्यास लागणारी जागा, हे सर्व त्या किमतीत धरले पाहिजे. बावन्न पाने या प्रत्येक बाबतीत स्वस्त होती. दशावतारी जोड नुसता फुकट वाटला असता तरीही तो महागच ठरला असता.

सोंगट्यांचीही हीच कथा आहे. फत्तेपूर सिक्रीस अंगणातल्या फरशीवर आखलेला पचिशीचा पट आजही दाखवितात. कवड्यांचे दान, जोडीदाराशी न बोलता केलेला मेळ, आपली सोंगटी मुद्दाम मागे ठेवून दुसऱ्याची मारण्याचे बेत, हे सर्व सारीपाटात होते. १८९६ साली इंग्लंडात या खेळाचे एक सोपे रूप नोंदविण्यात आले. कवड्या गेल्या, एक फासा आला. जोडीदार गेला, प्रत्येकजण आपल्यापुरता. पट पुठ्ठ्यावर छापला आणि नाव लॅटिनमध्ये ठेवले, 'लुडो', म्हणजे 'मी खेळतो'. हा पुठ्ठा मग ज्या देशातून खेळ गेला त्याच देशात परत येऊन विकला गेला, आणि आमच्या आजीच्या पिढीने कापडी पट फडताळात ठेवून दिला. नव्या मुंबईच्या कारागिरांनी २०१६ साली त्या पुठ्ठ्यातला पुठ्ठाही काढून टाकला, एवढेच.

आता मोबाइलच्या पेठेकडे वळू. ॲपलने आपले ॲपचे दुकान १० जुलै २००८ रोजी उघडले. आरंभी तेथे चांगल्या खेळास पाच-दहा डॉलर मिळत. थोड्याच वर्षांत किंमत एका डॉलरवर उतरली, आणि मग शून्यावर. याची कारणे अर्थशास्त्रज्ञांस कोड्यात टाकणारी नाहीत. पहिली प्रत घडविण्यास वर्षे लागतात, दुसरी प्रत काढण्यास काहीच लागत नाही. तेव्हा फुकट देणाऱ्यास अडविणारे कोणी नसते. शिवाय खेळ चांगला की वाईट हे तो खेळल्याखेरीज कळत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गिऱ्हाइकास पारख करता येत नसेल तर तो सर्वच मालाला हलक्या मालाचा भाव देतो आणि चांगला माल विकणारा बाजारातून उठतो, असे त्याने दाखविले. लाखो खेळांच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाची अवस्था हीच असते. अनोळखी खेळास दीडशे रुपये मोजण्यापेक्षा तीन फुकट घेऊन दोन टाकून द्यावेत, हा त्याचा हिशेब मूर्खपणाचा नाही.

चांगल्या कारागिरांस हा हिशेब किती जिव्हारी लागतो याचे एक उदाहरण २०१४ सालचे आहे. दोघा-तिघा अमेरिकन कारागिरांनी आकडे जुळविण्याचा 'थ्रीज' नावाचा खेळ सुमारे चौदा महिने घासूनपुसून सिद्ध केला आणि फेब्रुवारीत सुमारे दोन डॉलरांस विक्रीस ठेवला. जाणकारांनी त्याचे तोंड भरून कौतुक केले. पुढच्याच महिन्यात गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने त्याच घाटाच्या एका नकलेवरून '२०४८' हा खेळ शनिवार-रविवारी बसून केला आणि फुकट देऊन टाकला. जग '२०४८' खेळू लागले. मूळ कारागिरांनी तेव्हा आपला आपसांतील सारा पत्रव्यवहार प्रसिद्ध करून प्रत्येक लहानसहान नियमामागे किती विचार होता हे दाखविले. त्यांचे म्हणणे वाचून आम्हांस चिताऱ्यांची आठवण झाली. त्यांचे खरेच होते. परंतु '२०४८' लवकर समजतो आणि लवकर जिंकता येतो. 'थ्रीज' अनेक दिवस अंगवळणी पाडावा लागतो.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. निन्टेन्डो या बलाढ्य जपानी कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात आपला लाडका मारिओ मोबाइलवर आणला आणि संपूर्ण खेळास सुमारे दहा डॉलर मागितले. उतरवून घेणारे पुष्कळ, पैसे देणारे थोडे. उत्पन्न अपेक्षेइतके झाले नाही असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे सांगितले. 'मॉन्युमेंट व्हॅली' हा सुरेख खेळ करणाऱ्यांनी २०१५ च्या आरंभी जाहीर केले की अँड्रॉइडवर जेथे जेथे तो उतरविला गेला त्यांपैकी पैसे देऊन घेतलेल्या प्रती केवळ ५ टक्के होत्या.

आपल्या देशात २०१६ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेटचा भाव एकदम कोसळला. जे कोट्यवधी लोक त्यानंतर प्रथमच इंटरनेटवर आले त्यांच्या हातात हलके यंत्र होते, साठवणीची जागा थोडी होती, आणि फुरसत तुकड्यातुकड्यांची होती. नावाड्याची फुरसत दोन फेऱ्यांमधली, पहारेकऱ्याची दोन गाड्यांमधली, आणि कारकुनाची, आमच्या अनुभवाने सांगतो, दोन फायलींमधली. अमृतरावांच्या काळचा सलग तीन तासांचा निवांतपणा यांतील कोणाजवळही नाही. दशावताराची १२० पाने मनात धरणारा माणूस हुशार होता खरा. पण त्या हुशारीखाली कोणाचे तरी गहाण पडलेले गाव, कोणाची तरी नेमणूक आणि स्वयंपाकघरातील कोणाचे तरी न संपणारे काम होते, हेही विसरू नये. नावाडी लुडो खेळतो, यात अभिरुचीचा ऱ्हास पाहण्याआधी एवढा विचार करावा.

याच्या उलट बाजूचा पुरावाही देतो. २०१८ साली आपल्याकडे आलेला 'पबजी' हा खेळ चित्रांत, रचनेत, सर्वच बाबतीत उच्च दर्जाचा होता, तरी खेड्यापाड्यांतील पोरांनी तो डोक्यावर घेतला; सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घालीपर्यंत त्याचे वेड ओसरले नव्हते. तो फुकट होता आणि सोबती आयते मिळत होते. दर्जाचे लोकांना वावडे नाही.

मात्र सर्व हलके खेळ निरुपद्रवी असतात, असा कोणी अर्थ काढू नये. बाजार कलमेचा चितारी जोड विकून मोकळा होई. गिऱ्हाईक तो किती वेळ खेळते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. फुकट खेळ देणाऱ्याचे तसे नसते. त्याचे पोट जाहिरातींवर किंवा खेळात मध्येच पुढे केलेल्या लहानसहान विक्रीवर अवलंबून, म्हणून खेळणारा उठू नये अशी तजवीज त्याला करावी लागते. आज या इतके बक्षीस, उद्या न आलात तर तितके नुकसान; जीव संपले, थांबा किंवा पैसे भरा. येथे खेळ आणि सापळा यांतील अंतर फार थोडे राहते. पैसे लावून खेळायच्या रमीने आणि तिच्या भावंडांनी तर तेही ठेवले नाही. १८८७ च्या मुंबई इलाख्याच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्ड्यांवर छापे घालता येत. खिशातल्या अड्ड्यावर छापा कसा घालणार? अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. आमची तक्रार हलक्या खेळाविरुद्ध नाही, या सापळ्याविरुद्ध आहे. आणि दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात म्हणून पहिल्यास दुसऱ्याचे बोल लागतात.

मग उत्तम खेळांचे काय होणार? इतिहासात त्यांच्या दोन गती दिसतात. बुद्धिबळाचे सौंदर्य हस्तिदंती मोहऱ्यांत नव्हते, नियमांत होते. मोहरे लाकडाचे झाले, प्लास्टिकचे झाले, आता नुसते पडद्यावर उमटतात, तरी डाव तोच राहिला. तो फुकट झाला, पाच-दहा मिनिटांतही खेळता येऊ लागला, आणि त्यामुळे खालावला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख ज्या पिढीची, ती पिढी पडद्यावर खेळतच वाढली. ज्या खेळाची प्रत नियमांत आहे त्यास स्वस्ताई तारते. गंजिफांची अर्धी प्रत कुंचल्यात होती, आणि कुंचल्यास धनी लागतो. 'राजी'चेही तेच आहे. तिचे वैभव चित्रकारांच्या हजारो तासांत आहे. ते तास कोणीतरी पोसले पाहिजेत. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने आपल्या वर्गणीदारांसाठी 'राजी' मोबाइलवर दिली, वेगळे मोल न घेता. वर्गणीची ही पद्धत म्हणजे नवा दरबारच. दरबाराचे जे गुण तेच दोष: धन्याची मर्जी आहे तोवर कारागीर सुखी.

परंतु दरबार कलम आणि बाजार कलम यांना जोडणारी जी पायरी पूर्वी होती, ती आज तुटलेली आहे, आणि आम्हांस याचीच अधिक काळजी वाटते. लुडो खेळणाऱ्यास त्याच पडद्यावर सारीपाटाची मूळ रीत, जोडीदार, कवड्यांची दाने कोणी दाखवीत नाही. ओट्यावरून दिवाणखान्यात जाण्याची वाट दुकानदारास नको आहे, कारण ओट्यावरच त्याचे भागते. चांगले खेळ करणाऱ्यांनीही हलक्या खेळाची चव घेतलेल्या माणसास हाताशी धरून चार पावले पुढे नेण्याचा विचार क्वचितच केला. ते थेट दिवाणखान्यासाठीच बांधीत राहिले.

सावंतवाडीस विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गंजिफा करणारे हात जवळजवळ संपले होते. १९७० नंतर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला, एका वृद्ध चिताऱ्याकडून जुनी रीत शिकून घेतली आणि राजवाड्यातच ती कला पुन्हा उभी केली. दोघांचेही आता निधन झाले आहे; काम चालू आहे, आणि अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांस भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. जोड हजारो रुपयांस जातात, परदेशी जातात, चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगले जातात. आमच्या ओळखीच्या दोन घरी आम्ही ते पाहिले आहेत. दिवसा रामाच्या रंगाने डाव उघडायचा असतो, हे त्यांपैकी कोणासच ठाऊक नव्हते.